धक्का नको, दम हवा: कंबर-गुडघे धरलेल्यांनी व्यायाम सुरू कसा करायचा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ मशीनवर उभं राहून माझी २२ वर्षं गेली. चाळिशी उलटली तशी आधी कंबर धरली, मग उजवा गुडघा. एमआरआय झाला, गोळ्या झाल्या आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, चालत राहा." किती चालायचं, कसल्या रस्त्यावर, दुखलं तर थांबायचं की रेटायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे रंकाळा तलावावर गेलो आणि अख्खी फेरी मारून आलो. चालताना छान वाटत होतं. तिसऱ्या दिवशी खाली पडलेला रुमाल उचलायला वाकता येईना. पुढचे आठ दिवस अंथरुणात गेले.

नंतर एका फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली पहिल्यापासून सुरुवात केली. तिथं जे शिकलो आणि गेल्या काही वर्षांत रंकाळ्यावर नव्यानं येणाऱ्यांना जे सांगत आलो, ते इथं नीट लिहून काढतोय. ज्यांनी कधीच व्यायाम केलेला नाही किंवा दुखण्यापायी सोडून दिलाय, त्यांच्यासाठी हे आहे.

"वंगण संपलंय" म्हणून बसून राहू नका

आपल्याकडं गुडघा दुखायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वंगण संपलंय." आणि कंबर दुखली की "मणक्यात गॅप आलाय." एकदा असं म्हटलं की माणूस बसूनच राहतो, कारण झिजलेला भाग चालवला तर आणखी झिजेल असं त्याला मनापासून वाटत असतं.

मी मशीनवाला माणूस. बेअरिंग फिरलं तरच त्यात तेल पसरतं, हे मला रोज दिसतं. गुडघ्याचं थोडंफार तसंच आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारं पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळतं, आणि तो द्रव कूर्चेत जिरतो सांधा दाबला गेला, मोकळा झाला, पुन्हा दाबला गेला की. मणक्यांमधल्या गाद्यांनाही असाच हालचालीचा आधार लागतो. बसून राहिलं की हे काम मंदावतं, मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग जो भार स्नायूंनी उचलायचा तो थेट सांध्यावर येतो. बेअरिंग आणि गुडघा यांत एक फरक आहे आणि तो आपल्या फायद्याचा आहे. बेअरिंगला स्वतःची ताकद वाढवता येत नाही. गुडघ्याभोवतीच्या स्नायूंना येते.

म्हणून हालचाल हवीच. फक्त ती धक्क्याची नको. सपाटीवर साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना तो वाढतो, पळताना आणि उड्या मारताना आणखी वाढतो. हृदयाला आणि फुप्फुसांना मात्र धक्क्याशी काही घेणं नाही. त्यांना फक्त दम लागण्याइतकं काम हवं असतं. ते काम धक्क्याशिवाय कसं द्यायचं, एवढाच इथं प्रश्न आहे.

आधी एकदा दाखवून घ्या

या पायरीला फाटा देऊ नका. जवळचे हाडांचे डॉक्टर असोत किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अस्थिरोग विभाग, एकदा तपासून घ्या. खालच्यापैकी काही होत असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडं जा. पायातली ताकद कमी होतेय, पाऊल उचलताना घसटतंय. रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी आहे, सोबत ताप आहे किंवा कारण नसताना वजन उतरतंय. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू झालंय. गुडघा अचानक सुजून गरम झालाय, किंवा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही. आणि बैठकीचा भाग बधिर झाला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. उद्यावर टाकायची ही गोष्ट नव्हे.

छातीत दाबल्यासारखं होणं, चार पावलांत धाप लागणं, आधी हृदयाचा त्रास झालेला असणं, यातलं काही असेल तर हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. साखर उतरलीच तर म्हणून खिशात लिमलेटच्या चार गोळ्या किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. घरी आल्यावर मोजे काढून तळपाय बघायची सवय लावा. पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळतसुद्धा नाही.

आपली कंबर कुठल्या जातीची, हे ओळखा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. कंबर दुखणारे दोघं शेजारी बसले तरी दोघांना एकच व्यायाम मानवेल असं नाही.

काही जणांना बसलं, वाकलं, मोटारसायकलवर गेलं की जास्त दुखतं, कळ पायात उतरते, आणि उभं राहून चार पावलं टाकली की बरं वाटतं. गादी सरकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं असं असतं. माझं असंच. अशांना चालणं आणि पाणी मानवतं, सायकल मात्र बेतानं.

दुसरा प्रकार जास्त करून साठीपुढच्यांचा. थोडं चाललं की पोटऱ्या जड होतात, पाय भरून येतात, मग कट्टा दिसला की बसावंसं वाटतं, आणि बसल्यावर दोन-तीन मिनिटांत मोकळं होतं. भाजीची गाडी ढकलत पुढं वाकून चाललं तर त्रास होत नाही. हा मणक्यातली जागा अरुंद झाल्याचा प्रकार असू शकतो. अशांना व्यायामाची जागेवरची सायकल फार छान मानवते, कारण तिच्यावर थोडं पुढं झुकून बसता येतं. पाय रक्तवाहिन्यांच्या त्रासानंही भरून येतात, म्हणून याचं निदान स्वतःच करून मोकळं होऊ नका. पण डॉक्टरांना सांगताना "कंबर दुखते" एवढंच सांगण्यापेक्षा कधी वाढतं आणि कशानं थांबतं हे सांगा. त्यांचंही काम सोपं होतं.

उद्याची सकाळ हा तुमचा मीटर

व्यायाम करताना कसं वाटतंय यावर विश्वास ठेवू नका. माझी पहिली फेरी आठवा. अंग तापलेलं असतं, हवा गार असते, सोबत माणसं असतात. शरीर निकाल देतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी असं करतो. सकाळी जाग आली की लगेच उठून बसत नाही. आधी कुशीवर वळतो, पाय पलंगाखाली सोडतो आणि हाताच्या रेट्यानं उठतो. मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोन्ही गुडघ्यांकडं बघतो. वाटीच्या दोन्ही अंगाला जे खोलगट खळगे असतात ते दिसतायत का? एका गुडघ्याचे खळगे भरून आलेले दिसले तर आत सूज आहे. मग पहिलं पाऊल टाकतो आणि दुखण्याला शून्य ते दहामध्ये आकडा देतो. हा आकडा वहीत लिहायचा. सोबत आदल्या दिवशी किती मिनिटं काय केलं, तेही.

नियम साधा आहे. व्यायाम करताना दुखणं तीनपर्यंत गेलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. आलं तर कालचा डोस बरोबर होता. नाही आलं किंवा सूज दिसली, तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करायची. बंद करायचं नाही, निम्मं करायचं. आणि वेदनाशामक गोळी घेऊन मग चालायला जाण्याचा प्रकार कुणी करू नये. गोळीनं गजर बंद होतो, आग तशीच राहते. डॉक्टरांनी नियमित गोळी दिली असेल तर ती घ्या, पण तिच्या जोरावर दोन मिनिटं जास्तीची घेऊ नका.

दमाचं मोजमापही असंच सोपं आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. नाडी मोजणाऱ्यांसाठी, २२० मधून वय वजा करायचं आणि येणाऱ्या आकड्याच्या ५० ते ७० टक्क्यांत राहायचं. पण बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच वाढत नाही. अशांनी आकड्याच्या मागं न लागता बोलण्याची परीक्षाच घ्यावी.

पहिली पायरी: दहा मिनिटं चालणं

दहाच. लाज वाटते, मला माहीत आहे. आजूबाजूला सत्तरीचे आजोबा फेऱ्यांवर फेऱ्या मारत असतात. तरी दहाच.

घड्याळ लावायचं, पाच मिनिटं जायचं आणि तिथूनच वळायचं. हे वळणं फार महत्त्वाचं आहे. रंकाळ्याची गोल फेरी नवख्यांसाठी त्रासाची ठरते ती यामुळंच. अर्ध्यात गेल्यावर दुखायला लागलं तर पुढं जा नाहीतर मागं या, अंतर तेवढंच. जाऊन परत येण्याच्या रस्त्यावर कुठल्याही क्षणी फिरता येतं. चौपाटीवरून शालिनी पॅलेसच्या बाजूला जाणारा सपाट भाग मी सुरुवातीला वापरला, कारण दम खायला कट्टेही आहेत. विद्यापीठाच्या आवारातली झाडी मला फार आवडते, पण तिथं चढउतार आहेत. ते दोन-तीन महिन्यांनंतर. घराजवळचं सपाट मैदान असेल तर तेही उत्तम. डांबरी रस्त्याची कड मात्र टाळा. ती एका बाजूला उतरती असते, त्यामुळं एक पाय सतत खाली पडतो आणि कमरेला ते लगेच कळतं.

बूट घट्ट टाचेचे आणि मऊ तळाचे घ्या. कोल्हापुरी चपलेचा मला अभिमान आहे, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटलेत. पण ती टाच धरून ठेवत नाही आणि ओल्या फरशीवर सटकते. सणाला, समारंभाला घाला, चालायला नको.

वेग वाढवायचा तर पावलं लांब टाकू नका. लांब पाऊल टाकलं की टाच दूर आपटते आणि धक्का गुडघ्यात जातो. पावलं लहान ठेवून भरभर टाका. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण नेमकी उलटी धरतात. परवाच एका मावशींना मी थांबवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवं, दुखतोय त्या बाजूला नको व्हय आधार?" मी म्हटलं, "चार पावलं टाकून तर बघा." उजवा गुडघा दुखरा, काठी डाव्या हातात, काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढं. संध्यामठापर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "आता हाच हात." दुखरा पाय टेकतो तेव्हा शरीराचा भार काठीकडं झुकतो आणि गुडघ्यावरचा तेवढा उतरतो, म्हणून असं.

सलग तीन दिवस सकाळचा आकडा चांगला आला तर दोन मिनिटं वाढवा. आठवड्याला दोन मिनिटं एवढीच वाढ पुरे. या हिशेबानं दहाची तीस मिनिटं व्हायला दहा आठवडे लागतात. तीस मिनिटं एकदम झेपत नसतील तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी दहा-दहा करा, हृदयाला तेही चालतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सुचवते. पाच दिवस तीस मिनिटं म्हणजे १५०. तिथं पोचलात की मग मिनिटं वाढवण्यापेक्षा वेग खेळवा: एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असं आलटून पालटून.

आणि एक कळकळीची विनंती. पहाटे अंथरुणातून थेट येऊन कट्ट्याजवळ पायाचे अंगठे धरायला वाकणारी बरीच मंडळी दिसतात. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. कंबर दुखणाऱ्यांनी पहाटेचं वाकणं सोडा. आधी पाच मिनिटं रमतगमत चाला, खांदे फिरवा, जागच्या जागी पाय उचला. तेवढं पुरेसं आहे.

पाणी: ज्यांना चालताही येत नाही त्यांच्यासाठी

ज्यांचा गुडघा दहा मिनिटंही सोसत नाही, त्यांनी सरळ पाण्यात उतरावं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायावरचा भार साधारण निम्मा होतो. छातीइतक्या पाण्यात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. ऐंशी किलोच्या माणसाचा गुडघा तिथं पंचवीस-तीस किलोच्या मुलासारखा वागतो. आणि पाण्याचा अडसर असल्यानं दम मात्र चांगला लागतो.

पोहता आलंच पाहिजे असं नाही. महापालिकेचे रंकाळ्याजवळ अंबाई आणि तिकडं रमणमळा असे जलतरण तलाव आहेत. तलाव सुरू आहे का, उथळ भाग किती खोल आहे आणि गर्दी नसलेली वेळ कुठली, हे आधी नुसतं जाऊन विचारून या. पहिल्या दिवशी कठडा एका हातानं धरून छातीइतक्या पाण्यात दहा मिनिटं चाला. पुढं, मग मागं, मग बाजूला. पूर्ण पाऊल तळाला टेकवा, चवड्यावर तरंगत जाऊ नका. आठवडाभरानं कठडा सोडा आणि हात पाण्याखाली पुढं-मागं करायला लागा. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गार पाण्यात सांधे आखडतात, तेव्हा दुपारची वेळ घ्या.

एका गोष्टीची तयारी ठेवा. पाण्यातून बाहेर येताना शेवटच्या पायरीवर अख्खं वजन परत अंगावर येतं आणि पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. तिथं घाई केली की पाय सटकतो. कठडा धरून दोन मिनिटं थांबा, मग वर या.

पोहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. आपल्यातले कितीतरी जण लहानपणी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेत. वीरधवल खाडे याच कोल्हापूरचा. तो २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं ब्राँझ मिळवलं. तेव्हा पोहण्याचं कौतुक आपल्या अंगातच आहे. पण डोकं पाण्यावर उचलून बेडकासारखे पाय मारण्याची आपली जी पद्धत आहे, ती दुखऱ्यांना मानवत नाही. डोकं वर राहिलं की कमरेत पोक उलटा पडतो, आणि बेडकासारख्या लाथेत गुडघा पिळला जातो. पाठीवर पोहणं सगळ्यात सोयीचं. सरळ हातानं पुढं पोहायचं तर पाय मांडीपासून हलके हलवा. घाटावरून सूर मारणं आता नातवंडांसाठी ठेवा, आणि दुखऱ्या पायांनी शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरूच नका.

सायकल: सीटची उंची चुकली की सगळं चुकलं

रस्त्यावरची सायकल मी सुचवत नाही. खड्डा आला की हादरा थेट कमरेत जातो, आणि गर्दीत अचानक पाय टेकवावा लागतो. जागेवरची सायकल घ्या, घरची किंवा जिममधली. टेकून बसायची मिळाली तर कमरेला आणखी आराम.

सीट अशी लावा. सायकलवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी ढुंगण एका बाजूला सरकावं लागता कामा नये. मग प्रत्यक्ष चालवताना चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. तेवढाच हवा. जिममध्ये नवीन माणूस बसतो तो जवळजवळ नेहमी सीट फार खाली ठेवून बसतो, कारण पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण त्यात गुडघा खूप दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर घ्या, मागून दुखला तर थोडी खाली.

लोड हलका ठेवा. दहा सेकंदांत एका पायाचे दहा-अकरा फेरे झाले पाहिजेत. जड लोडवर सावकाश रेटत बसणं हे गुडघ्याला जिना चढण्यासारखंच आहे. सुरुवात पाच मिनिटांनी, वाढ चालण्यासारखीच. हँडल उंच ठेवा.

जिममध्ये क्रॉस ट्रेनर (उभ्यानं पाय गोल फिरवायचं यंत्र) असेल तर त्यावर पाऊल उचललं जात नाही, त्यामुळं आपटणं नाही. तीन मिनिटांपासून सुरू करून पाहा. ट्रेडमिलचा चढ शून्यावर ठेवा. एक अनुभव मात्र सांगून ठेवतो. एका जिममध्ये मी कंबर आणि गुडघा दोन्ही सांगितलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी "दम वाढायला पाहिजे" म्हणून मला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. संकोचापायी मी नाही म्हटलं नाही. महिनाभर मागं गेलो. तुम्ही नाही म्हणा. उड्या, जॉगिंग, उडी घेत नाचायचे वर्ग, वजन घेऊन वाकणं, हे सगळं सुरुवातीला नको.

बैठकांबद्दल

हा तालमींचा गाव आहे. माझे वडील रोज जोर-बैठका मारायचे आणि खासबागेतल्या कुस्त्या कधी चुकवायचे नाहीत. त्यामुळं गुडघा दुखतो म्हटलं की घरातून सल्ला येतो, "बैठका मार, पाय मजबूत होतील." पैलवानाचा पाय लहानपणापासून हौद्यातल्या मऊ मातीत घडलेला असतो. पन्नाशीतल्या झिजलेल्या गुडघ्यानं फरशीवर पूर्ण बैठक मारणं ही वेगळी गोष्ट आहे. पण सल्ल्यातलं खरं आहे ते घेऊया: मांडी मजबूत झालीच पाहिजे. बैठक अर्धीच, आणि खुर्चीवर.

उंच खुर्ची भिंतीला लावा, हवं तर वर एक उशी ठेवा. हात छातीशी धरून सावकाश उभं राहा, त्याहून सावकाश बसा. धपकन बसायचं नाही. पाच वेळा, थांबून परत पाच. आडवं पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी घट्ट करत गुडघा खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. गुडघे दुमडून उताणं झोपून कंबर अलगद उचला, पाच सेकंद, दहा वेळा. श्वास रोखू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं केलं की दीड-दोन महिन्यांत जिना उतरताना फरक कळतो. जिन्यावरून आठवलं: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

पावसाळ्यातले चार महिने

जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडं चालणाऱ्यांची साखळी तुटते. रस्ते निसरडे, रंकाळ्याच्या काठाला शेवाळ, आणि पंचगंगा वाढली की गावच अडकून पडतं. सप्टेंबरात पुन्हा सुरुवात करताना माणूस एकदम जुन्या मिनिटांवर जातो आणि दुखणं घेऊन बसतो. म्हणून घरातला व्यायाम आधीच ठरवून ठेवा.

चाकं नसलेली, हात नसलेली घट्ट खुर्ची घ्या. पुढच्या अर्ध्या भागावर ताठ बसा, तळपाय जमिनीला. अर्धा मिनिट बसल्या बसल्या कवायतीसारखे पाय उचला. अर्धा मिनिट समोर हातानं ठोसे मारा. मग एकेक पाय सरळ करून खाली, तेही अर्धा मिनिट. मग हात डोक्यावर नेऊन खाली. शेवटी पाय आणि हात एकत्र. अशी अडीच मिनिटांची एक फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत गाणं म्हणून बघा, येणार नाही. नुसत्या हातांनीसुद्धा दम लागतो. गुडघा सुजलेल्या दिवसांत मी तेवढंच करतो. खुर्ची कंटाळवाणी झाली तर ओट्याला एक हात लावून जागच्या जागी चाला, पाय फार वर न उचलता. आमच्या घरी भाकरी होईपर्यंत माझं हेच चालू असतं.

वजनाचं एक सांगतो. शरीरावरचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस. चालून आल्यावर रोज कटवडा खाल्ला तर ते जमणार नाही. रविवारची मिसळ ठेवा, बाकीचे दिवस घरचं खा.

दुखणं उलटलं तर

उलटणार. सगळं नीट करूनही वर्षातून दोन-तीनदा उलटतं. लग्नात जास्त उभं राहणं होतं, गाडीतून लांबचा प्रवास होतो. तेव्हा वही उघडा आणि मागच्या आठवड्यात काय बदललं ते बघा. एक-दोन दिवस कमी करा, पण पलंग धरू नका. घरातल्या घरात तासातासाला दोन-तीन मिनिटं चाला. सुजलेल्या गुडघ्यावर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ ठेवा, आखडलेल्या कमरेला शेक द्या. आकडा खाली आला की आधीच्या निम्म्या मिनिटांपासून पुन्हा सुरू करा. दोन आठवड्यांत उतार नसेल, किंवा कळ पायात आणखी खाली उतरत असेल, तर डॉक्टरांकडं जा आणि वही सोबत न्या.

जोतिबाला किंवा पन्हाळ्याहून पावनखिंडीला पायी जाणारे मित्र दरवर्षी आग्रह करतात. चढापेक्षा उतार गुडघ्याला जास्त जड जातो आणि जोतिबाच्या पायऱ्यांना तोटा नाही. सपाटीवर तास-दीड तास चालून सलग महिनाभर सकाळचा आकडा दोनच्या आत राहत असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारून एखादा छोटा टप्पा करून बघा. उतरताना हातात काठी असू द्या, आणि परतीला गाडी आधीच सांगून ठेवा.